हातवळण

आटपाडी तालुक्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. यात ग्रहताऱ्यांची करामत काही नाही. पोराला शाळेत घालायला बाप यायचा, मास्तर जन्मतारीख विचारायचे आणि बाप डोकं खाजवत म्हणायचा, "बेंदराच्या सणाच्या आसपासचा आसंल." जूनमध्ये शाळा सुरू होताना सहा वर्षं पुरी दिसायला हवीत, म्हणून मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. ते मास्तर गेले, त्यांची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली, पण एक जून काही हलला नाही. पंचायत समितीच्या मागच्या गल्लीतल्या हेमलता कोळेकरच्या सुविधा केंद्रात तर तो कायमचा मुक्कामाला होता.

हेमाच्या हाताला अशा तीन सवयी होत्या. जन्मतारीख ठाऊक नसली की एक जून. माणसाकडं मोबाइल नसला की केंद्राचा स्वतःचा नंबर. आणि वेबसाइटनं "तुमची खात्री आहे का?" असं विचारलं की "होय". एवढ्या भांडवलावर सतरा वर्षं केंद्र चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी केंद्राचा फोन वाजला.

"शकुंतला बिरू कोळेकर यांच्या घरचं कुणी आहे का? मी मिरजेहून बोलतेय, मृणाल आठल्ये. अवयव समन्वयक."

"मी त्यांची भावजय. निघाल्यात त्या, मॅडम. तुमचा सकाळी फोन आला तसं माझ्या मालकांनी जीपनं नेलंय. दीडपर्यंत पोचतील."

"त्याचसाठी फोन केला." मृणाल आठल्येंचा आवाज अडखळला. "सकाळी मी कालची यादी बघून बोलावलं होतं. आत्ताच्या यादीत शकुंतलाबाई मयत दिसताहेत."

हेमाला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. "अहो, सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेल्यात त्या."

"तसंच असणार. पण यादी राज्याच्या एकनोंद यंत्रणेवरून चालते, माणशी एकच नोंद. तिथं नोंद मयत झाली की नाव आपोआप उतरतं. नोंद तुमच्याच केंद्रातून झालीय. ती मागं घ्या. दोन वाजता वाटप बंद होतं आणि किडनी पुढच्या नावाला जाते. त्यात माझ्या हातात काही नसतं."

हेमानं फोन ठेवला. चार वर्षं. आठवड्यातून तीनदा विट्याला डायलिसिस, हाताला पडलेल्या गाठी, दिवसाचं पाणी मोजून दोन भांडी. चार वर्षांत वन्संचं नाव त्या यादीत मुंगीच्या पावलांनी वर सरकत पहिलं आलं होतं. आणि आता तिच्या स्वतःच्या केंद्रातून कुणीतरी त्यांना मारून टाकलं होतं.

ते कुणी केलं, हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. केंद्रात दोघंच काम करत होते, एक ती आणि दुसरा बोरू.

बोरू हा प्रोग्राम. हे नाव तिनंच ठेवलेलं. वेबसाइटवरचा फॉर्म आपल्याला दिसतो तसा यंत्राला दिसत नाही. आपल्याला चौकट दिसते आणि तिच्या वर "नाव" असं लिहिलेलं दिसतं. पानाच्या पाठीमागं मात्र प्रत्येक चौकटीला एक खूण असते. फॉर्म भरणारे जुने प्रोग्राम या खुणा पाठ करून बसायचे. या खुणेच्या चौकटीत नाव टाक, त्या खुणेचं बटण दाब, एवढंच त्यांना कळायचं. सरकारनं पानाची रचना जराशी बदलली की ते आंधळे व्हायचे आणि आडनावाच्या जागी पिनकोड टाकून निवांत पुढं जायचे. बोरू त्यांच्या पुढचा होता. तो ब्राउझर स्वतः उघडायचा, पान वाचायचा, कुठल्या चौकटीत काय हवंय ते ताडायचा, आणि काही अडलं तर हेमा अशा वेळी काय करते, ते आठवायचा. कारण तो सहा आठवडे तिच्या शेजारी बसून शिकला होता. ती काय टाइप करते हे त्यानं पाहिलंच, पण ती कशी टाइप करते हेही उचललं.

हे दुसरं शिकणं बेकायदा होतं. फॉर्मांत यंत्रांनी घुसू नये म्हणून सरकारनं आधी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावली. यंत्रं ती माणसापेक्षा बरी ओळखू लागली, तेव्हा हातवळणाचा कायदा आला. जसं प्रत्येकाच्या अक्षराला वळण असतं, तसं टाइप करण्यालाही असतं. दोन कळांमध्ये किती वेळ जातो, कुठली कळ जास्त दाबली जाते, बोट कुठं चुकतं आणि मागं येतं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं की लाख माणसांतून एक ओळखू येतो. हेमाची उजवी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. ती दर वेळी किंचित उशिरा पोचायची. तेच तिचं हातवळण, आणि कायद्यानं तीच तिची सही. प्रत्येक अर्जाच्या शेवटी चार ओळींचं प्रतिज्ञापत्र टाइप करायचं, "अर्जदार माझ्यासमोर हजर आहे" असं, की नोंद पक्की.

दिवसाला दोनशे माणसं दारात. प्रत्येकाला समोर बसवून चार ओळी टाइप करायच्या, तर निम्मी लोकं उद्या, परवा करत हेलपाटे घालत राहणार. म्हणून तिनं बोरूला आपली करंगळी शिकवली. तालुक्यातली सगळीच केंद्रं हे करत होती. तीन वर्षांत बोरूनं तिच्या हातवळणानं एक लाख चौसष्ट हजार तीनशे बारा नोंदी केल्या होत्या, आणि आजवर एकीचीही तक्रार आली नव्हती.

तिनं मागचं काम उघडलं. दहा मिनिटांत सगळं समोर आलं, आणि समोर आल्यावर ते इतकं सरळ होतं की तिला रडू फुटेना.

तिच्या सासऱ्यांचं नाव बिरू. नणंद नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली आणि कागदोपत्री बापाचं नाव लावू लागली. शकुंतला बिरू कोळेकर, जन्म एक जून एकोणीसशे ब्याऐंशी, शाळेच्या दाखल्याप्रमाणं. तिकडं कोळेकरवस्तीवर बिरूतात्या कोळेकर, शेळ्या राखणारे. त्यांची बायकोही शकुंतला. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. तात्या "पन्नाशीची आसंल की" म्हणाले होते आणि बोरूनं एक जून एकोणीसशे ब्याऐंशी टाकलं होतं. ओळखपत्र नाही. मोबाइल केंद्राचाच. सहा महिन्यांपूर्वी एकनोंद यंत्रणेनं दुबार नावं साफ करायला काढली आणि विचारलं, "या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? तुमची खात्री आहे?"

बोरूनं "होय" दाबलं.

तात्यांची बायको गेल्या पंधरवड्यात वारली. ग्रामसेवकानं मयतांची यादी कागदावर लिहून, फोटो काढून पाठवली. बोरूनं ती वाचून फॉर्म भरले आणि प्रत्येकाच्या खाली टाइप केलं की माहिती देणारा नातेवाईक माझ्यासमोर हजर आहे. काल संध्याकाळी ती नोंद मंजूर झाली. तिच्याबरोबर वन्संही गेल्या.

पावणेबारा वाजले होते. हेमानं शटर निम्मं खाली ओढलं आणि नोंद मागं घेण्याचा फॉर्म उघडला.

फॉर्म लहानच होता. कारण विचारत होता आणि तीन पर्याय देत होता. तिसरा पर्याय "इतर", पण तो निवडला की अर्ज जिल्हा समितीकडं जायचा, पंधरा कामाचे दिवस. तिनं तहसील कचेरीत फोन लावला. पलीकडचे साहेब जेवायच्या घाईत असावेत.

"बाई, पोर्टल म्हणतं पंधरा, तर पंधरा. मी तुमच्यासाठी वेगळं पोर्टल कुठून आणू?"

"साहेब, माणूस मरंल हो."

"ते तर मेलेलंच आहे ना, तुमच्याच नोंदीप्रमाणं," साहेब म्हणाले. मग बहुधा त्यांनाच बरं वाटलं नसावं. "दुसरा पर्याय बघा. यंत्राचा. तो लगेच होतो."

दुसरा पर्याय होता, "नोंद यंत्राद्वारे, माणसाच्या गैरहजेरीत झाली." हा खराच होता. हेमानं त्यावर बोट ठेवलं. परवाना जाणार, दंड होणार, कदाचित खटलाही चालणार. होऊ दे, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि ते म्हणताना तिला मनापासून हलकं वाटलं. तेवढ्यात पर्यायाखाली बारीक अक्षरांची एक ओळ उघडली.

"सदर हातवळणाने झालेल्या सर्व नोंदी फेरतपासणीपर्यंत स्थगित राहतील."

सर्व नोंदी म्हणजे एकट्या बोरूच्याच एक लाख चौसष्ट हजार तीनशे बारा. कुणाचं पेन्शन, कुणाचा हॉस्टेलचा प्रवेश, कुणाचं रेशन. आणि अवयव प्रतीक्षायादीतली, चार वर्षांपूर्वीची, वन्संचीही.

हेमा खुर्चीत मागं टेकली. ती नोंद बोरूनं केलेली नव्हती. तेव्हा बोरू नव्हताच. वन्सं शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, नुकताच आजार कळला होता, आणि हेमानं एकेक अक्षर स्वतः टाइप केलं होतं. तीनदा तपासलं होतं. आयुष्यात इतक्या काळजीनं तिनं दुसरा फॉर्म भरला नसेल. पण हे सिद्ध कशानं करणार? यंत्रणेला फक्त हातवळण दिसत होतं, आणि आधीचं हातवळण आणि नंतरचं हातवळण यांत तसूभर फरक नव्हता. करंगळी दोन्हीकडं तितकीच उशिरा पोचत होती. बोरूला तिनं इतकं चांगलं शिकवलं होतं की तिच्या खऱ्या हाताची साक्ष आता कुठंच चालणार नव्हती.

खरं सांगितलं तर वन्सं जिवंत होणार होत्या, पण यादीतून उडणार होत्या.

उरला पहिला पर्याय. "माहिती देणाऱ्या नातेवाइकाने चुकीची व्यक्ती दाखवली." त्याखालीही बारीक ओळ होती. नोंद तात्काळ मागे, पूर्वस्थिती कायम, माहिती देणाऱ्यावर खोट्या मृत्यू-माहितीबद्दल कारवाई. नातेवाइकाची संमती आवश्यक.

माहिती देणारा म्हणून बोरूनं बिरूतात्यांचं नाव टाकलं होतं.

आज आठवडी बाजार होता. तात्या दर बाजारी शेळ्या घेऊन येत. हेमा जवळजवळ पळतच बाजारपटांगणावर गेली. एका खांबाला दोन शेळ्या बांधून, उन्हाला पाठ देऊन तात्या बसले होते. साठी उलटलेली, अंगावर घोंगडं, डोक्याचा नुकताच केलेला चकोट. बायकोचे दिवस होऊन चार दिवसही झाले नव्हते.

"तात्या, केंद्रात येता का जरा? लई नड हाय."

त्यांनी काय, कशाला असं काही विचारलं नाही. शेळ्या शेजारच्याच्या ताब्यात दिल्या आणि उठले. केंद्रात आल्यावर घोंगडं झटकून बाकावर बसले आणि उजव्या हाताचा अंगठा धोतराला पुसून पुढं केला.

"कुटं लावू?"

आजवर सगळे असंच करत आले होते. काय लिहिलंय हे कुणी विचारत नसे. बाई म्हणतील तिथं अंगठा, बाई म्हणतील तेव्हा फोनवर आलेला आकडा. हेमाच्या मनात आलं की काही सांगूच नये. पण तो अंगठा तसाच हवेत थांबला होता, आणि तिला ते बघवेना.

तिनं सगळं सांगितलं. दोन शकुंतला, एक जून, यादी, दोनची वेळ. बोरूचंही सांगितलं. शेवटी तो पर्याय जसा लिहिला होता तसा वाचून दाखवला.

 भिंतीवरचं घड्याळ एक वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

"म्हंजी म्या सांगितलं की चुकून दुसरीच बाई मेली म्हणून?"

"तसं लिहायचं फकस्त. पुढं नोटीस आली तर मी हाय ना तात्या, मी बघीन."

"नोटिशीचं न्हाई गं." तात्यांनी अंगठा मागं घेतला, मुठीत धरला. "माज्या हातानं अग्नी दिलाय तिला. पोटी लेकरू न्हाई, कोन न्हाई, येकटा मीच हुतो. आता कागदावर लिवून दिऊ, की मला माजी बायकू वळकू आली न्हाई? म्या खोटी मारली तिला? न्हाई बाई. ते जमायचं न्हाई."

"तात्या, वन्संचा जीव हाय त्यात."

"शकूचा. ठावं हाय. ल्हान हुती तवा माज्या शेळीचं दूध प्याय यायची." त्यांचे डोळे भरले होते, पण मान हलत होती ती नाहीच म्हणत. "दुसरं कायबी सांग. रगत काडून दे म्हण, देतो. हे न्हाई."

हेमाला त्यांचा राग आला. इतका राग तिला कुणाचा आल्याचं आठवत नव्हतं, आणि तो राग खोटा आहे हेही तिला त्याच वेळी कळत होतं. "थांबा मग बाहेर जरा," ती म्हणाली. "बघते दुसरं काय हुतंय का."

तात्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. अर्धवट शटरखालून त्यांचे पाय आणि वहाणा दिसत होत्या.

दुसरं काही नव्हतं. तिनं मिरजेला फोन केला. मृणाल आठल्ये म्हणाल्या की शकुंतलाबाई कुठल्याही क्षणी पोचतील, शस्त्रक्रियेचे डॉक्टर तयार आहेत, पण यादी अजून मयतच दाखवतेय. तिनं पुन्हा दुसरा पर्याय उघडला, बारीक ओळ पुन्हा वाचली. ती बदललेली नव्हती. एक वाजून छत्तीस मिनिटं.

मग नुसतं बघावं म्हणून तिनं पहिला पर्याय निवडला.

टेबलावरचा केंद्राचा फोन थरथरला. संमतीसाठी सहा आकडी संकेत आला होता. बिरू कोळेकर यांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर.

तो नंबर केंद्राचा होता. तात्यांकडं कधी फोन नव्हताच.

हेमा त्या आकड्यांकडं बघत राहिली. तिनं हातही लावला नव्हता, पण बोरूला याची सवय होती. संकेत केंद्राच्या फोनवर आला की तो उचलायचा आणि चौकटीत टाकायचा, रोज दोनशेदा. त्यानं आकडे टाकले. खाली हिरवी खूण आली, "नातेवाइकाची संमती प्राप्त." आणि बोरू प्रतिज्ञापत्र टाइप करू लागला.

"मी, हेमलता संपत कोळेकर, प्रतिज्ञापूर्वक नमूद करते की माहिती देणारे श्री. बिरू कोळेकर माझ्यासमोर हजर असून..."

अक्षरं एकामागून एक येत होती. हेमाचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावर मात्र तिचाच हात चालला होता. कुठं घाई करायची, कुठं श्वास घ्यायचा, करंगळीच्या जागी कुठं किंचित अडायचं, सगळं तिचंच. "चुकीची" हा शब्द त्यानं एकदा चुकवला आणि मागं येऊन दुरुस्त केला, ती करते तसाच. तिला वाटलं, थांबवावं. आणि त्याच वेळी वाटलं, तो करतोय तर करू दे. आपण कुठं काही करतोय?

पण प्रतिज्ञापत्र संपलं तसा बोरू थांबला. बाकी सगळी बटणं तो स्वतः दाबायचा. नोंद मागं घेण्याचा फॉर्म मात्र केंद्रात पहिल्यांदाच भरला जात होता, आणि इथलं शेवटचं बटण हेमा कसं दाबते हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून तो वाट बघत होता.

एक वाजून त्रेचाळीस. नवऱ्याचा, संपतचा फोन आला. "पोचलो दवाखान्यात. हे लोक आत घेईनात. काय झालंया काय? थांब, अक्का बोलायचं म्हणतीया."

"हेमा." वन्संचा आवाज दमलेला होता, पण त्यात हसू होतं. "आगं किती काळजी करतीस. हितं सगळी धावपळ चाललीया, हुईल काय ते. तू जेवलीस का?"

 एकोणीस वर्षांची असताना हेमा या घरात आली, तेव्हा वन्सं म्हणाल्या होत्या, चूल मी बघते, तू टायपिंग शिकून घे, माझ्यासारखी दुसऱ्याच्या दारात राहू नको. दोन्ही पोरं वन्संच्या मांडीवर वाढली. या केंद्राची पहिली खुर्ची वन्संनी डोक्यावरून आणली होती, बाजारातून, चालत.

"जेवते, वन्सं," ती म्हणाली. "आता हुईल बघा पाच मिनिटांत."

फोन ठेवून तिनं शटरखाली पाहिलं. तात्यांचे पाय तिथंच होते. टाच जरा हलत होती, माणूस देवळात वाट बघत बसतो तशी.

तिनं माऊस धरला आणि बटण दाबलं.

वीस सेकंदांनी पान बदललं. नोंद मागे घेण्यात आली. शकुंतला बिरू कोळेकर, हयात. पाचच मिनिटांत मिरजेहून फोन आला. "नाव वर आलं! घेतलं आत त्यांना." मृणाल आठल्ये हसत होत्या, बहुधा रडतही होत्या. हेमा "बरं, बरं" म्हणत राहिली.

मग तिनं शटर वर केलं. तात्या उठून उभे राहिले.

"झालं का गं काम?"

"झालं."

"झालं न्हवं?" त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "बरं झालं बग. मला वाटलं, माज्यापायी अडतंया." आणि ते घोंगडं सावरत शेळ्यांकडं गेले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सव्वा महिन्यानं वन्सं घरी आल्या. त्यांची खोली वेगळी केली होती, जाणाऱ्यानं तोंडाला मास्क लावूनच जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. हेमानं दिलं. त्यांनी ते न थांबता, डोळे मिटून, घटाघट प्यायलं. तांब्या रिकामा झाल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आनि दे."

हेमाला वाटलं, हे बघण्यासाठी आपण काहीही केलं असतं. केलंही होतं.

"त्या दिशी कसं जमीवलंस गं?" वन्संनी विचारलं. "संपत सांगत हुता, म्या मेले हुते म्हणं कागदावर."

"बोरूनं केलं सगळं," हेमा म्हणाली.

"गुणाचं हाय बाई ते मशीन," वन्सं म्हणाल्या, आणि हेमा दुसरा तांब्या भरायला उठली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी केंद्र नुकतंच उघडलं होतं, तेव्हा बिरूतात्या आले. आज शेळ्या नव्हत्या. हातात चार घड्या घातलेला एक कागद होता, त्यावर शिक्का.

"पोलीस पाटलानं दिला. म्हणला, ताबडतोब वाचून घे," तात्या बाकावर टेकत म्हणाले. "दुसऱ्या कुनाकडं कशाला जाऊ म्हणलं. तूच वाच की जरा."

हेमानं कागद उलगडला. पहिली ओळ वाचूनच तिला सगळा कागद कळला. वर केंद्राचं नाव नव्हतं, तिचंही नव्हतं. तात्यांचंच होतं.

"काय म्हणतंया?"

तिला सांगता आलं असतं की किरकोळ आहे, मी बघते. ती हेच करत आली होती सतरा वर्षं, आणि तात्यांनी विश्वासही ठेवला असता. तिनं कागद टेबलावर सरळ केला आणि मोठ्यानं वाचू लागली. एकही शब्द गाळला नाही. बिरू कोळेकर यांनी पत्नीच्या मृत्यूची खोटी माहिती दिली. त्यांनी तसे स्वतःच्या संमतीने कबूल केले. सबब पत्नीचा मृत्यूचा दाखला रद्द करण्यात येत आहे. सबब सातव्या दिवशी ठाण्यात हजर व्हावे.

 रांगेत पहिली उभी असलेली बाई हळूच मागं सरकली.

तात्यांनी आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं, त्यावर काही डाग राहिलाय का ते बघावं तसं.

"ह्या मशीनचीच चूक आसंल की गं," ते म्हणाले. "तुला काय ठावं."

त्यांनी तिला सुटायला जागा करून दिली होती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, का ते मुद्दाम म्हणत होते, हे हेमाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मशीननं न्हाई, तात्या," ती म्हणाली. "बटण मी दाबलं. तुम्ही बाहेर बसला होता तवा."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा एखाद्या परक्या घरात आल्यासारखा झाला.

"त्या दिशी म्या न्हाई म्हणलो हुतो," ते म्हणाले.

"व्हय. तुम्ही न्हाई म्हणला होता."

तिनं बोरू बंद केला. रांगेतल्या माणसांना सांगितलं की आज कुणाचंच काही होणार नाही, उद्याही नाही, आणि पुढं काय ते तिला ठाऊक नाही. मग पडदा तात्यांना दिसेल असा वळवून तात्यांच्या संमतीच्या नोंदीवर तोच मागं घेण्याचा फॉर्म उघडला, दुसरा पर्याय, यंत्राचा, निवडला, आणि प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं म्हणून मग टाइप करू लागली.